आठ डिशचा कोरिलेटर: बोर्ड सगळ्यात शेवटी निवडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या माळावर ३ मीटर व्यासाच्या ८ रेडिओ डिश उभ्या करायच्या आहेत, आणि त्यांचे सिग्नल जोडीजोडीने गुणून सरासरी काढणारं यंत्र, म्हणजे कोरिलेटर, बांधायचं आहे. प्रत्येकीवर दोन ध्रुवणं, म्हणजे एकूण १६ सिग्नल. सगळ्यात लांबची जोडी २०० मीटरवर आणि काम १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. यूजीएमआरटी या सुधारित जीएमआरटी दुर्बिणीला आहे तशी ४०० मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ तुम्हालाही हवी आहे. विभागप्रमुख म्हणतात सगळं एफपीजीएत (हवं तसं सर्किट घडवता येणाऱ्या चिपमध्ये) करा, मित्र म्हणतो सगळं जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) टाका, आणि तुम्ही विचारता आहात की बोर्ड कोणता घ्यावा.

बोर्डाचं नाव सांगतो, पण त्याआधी बराच हिशेब करावा लागेल. गेली वीसेक वर्षं मी अँटेनाच्या मागच्या डिजिटल यंत्रणा बांधतो आणि दुरुस्त करतो. बोर्डाची ताकद कमी पडली म्हणून अडलेला प्रकल्प मी क्वचितच पाहिलाय. कोरिलेटरमधला गुणाकार हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. माणसं अडतात ती वेळेशी आणि वाहतुकीशी: सगळ्या अँटेनांचे नमुने खरोखर एकाच क्षणाचे आहेत का, आणि इतका डेटा इकडून तिकडे न सांडता पोचतो का. या दोन गोष्टींची उत्तरं कागदावर आली की बोर्डाच्या यादीत एक-दोनच नावं उरतात.

सुरुवात बँडविड्थपासून करू, कारण तुमचा अर्धा खर्च तिथेच ठरतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, अंतरं २५ किलोमीटरपर्यंत. मूळची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्‌झ होती, ती वाढवून ४०० केली. त्यांना अतिशय मंद स्रोत पाहायचे असतात आणि संवेदनशीलता बँडविड्थच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून त्यांना ती खटपट परवडते. तुमच्या डिशचं परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ४ चौरस मीटर आणि सिस्टिमचं तापमान १०० केल्विन धरलं, तर एका डिशचा स्वतःचा नॉइज सुमारे ६९,००० जान्स्की (रेडिओ तेजाचं एकक) येतो. आकडा ऐकून घाबरू नका. २५ मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ आणि १ सेकंदाची सरासरी घेतली की एका जोडीवर तो १० जान्स्कीच्या खाली उतरतो. सिग्नस ए हा तेजस्वी रेडिओ स्रोत या फ्रीक्वेन्सीला दीड हजार जान्स्कीच्या घरात आहे. म्हणजे एका सेकंदात, एका जोडीवर, तो तुम्हाला ठसठशीत दिसेल. ४०० मेगाहर्ट्‌झ घेतलेत तर यात ४ पट सुधारणा होईल आणि डेटा १६ पट वाढेल.

शिवाय १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी जगभर राखीव आहे. त्याच्या बाहेर पडलात की कॉलेजसारख्या ठिकाणी तुम्ही मुख्यतः माणसांचं प्रसारण मोजत बसाल. त्यामुळे माझं स्पष्ट मत: २५ मेगाहर्ट्‌झ घ्या, त्या राखीव पट्ट्याच्या आत राहा, आणि चांगल्या ॲनालॉग फिल्टरवर पैसे खर्च करा.

इथे एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. आकाशगंगेतला हायड्रोजन आकाशात दूरवर पसरलेला आहे. २०० मीटरच्या जोडीला साडेतीन मिनिटांपेक्षा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फार मोठी रचना दिसतच नाही. ती त्या जोडीच्या नजरेतून विरून जाते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं आहे, तर साधारण २७ मीटरच्या जोडीवरच त्याचा सिग्नल पहिल्यांदा शून्याला टेकतो. म्हणून हायड्रोजनची रेषा तुम्हाला प्रत्येक डिशच्या स्वतःच्या वर्णपटात मिळेल, म्हणजे ऑटोकोरिलेशनमध्ये. जोड्या कामाला येतील त्या सिग्नस ए, कॅसिओपिया ए असल्या आटोपशीर स्रोतांसाठी. सूर्यासाठी निदान दोन डिश १०-१५ मीटरवर ठेवा. डिशसाठी सिमेंटचे पाये ओतण्याआधी हे ठरवा, नंतर माळ बदलता येत नाही.

आता गणित मांडू. १६ सिग्नल, स्वतःशी आणि एकमेकांशी, मिळून १३६ गुणाकार. २५ मेगाहर्ट्‌झला हे सेकंदाला साधारण २७ अब्ज गणिती क्रिया होतात. आज बऱ्या डेस्कटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड हे आरामात करतं. तुलनेसाठी, ३० अँटेना, दोन ध्रुवणं आणि ४०० मेगाहर्ट्‌झ धरले तर १८३० गुणाकार आणि सेकंदाला सुमारे ६ लाख कोटी क्रिया होतात. तिथे जीपीयूंची आख्खी रांग लागते. वाहतुकीचंही तसंच. तुमचे १६ सिग्नल ८ बिटांत पाठवले तर सेकंदाला ६.४ गिगाबिट होतात. ते १० गिगाबिट इथरनेटच्या एकाच तारेतून जातात. ४०० मेगाहर्ट्‌झला हाच आकडा १०२ गिगाबिट झाला असता, आणि मग स्विच, अनेक सर्व्हर, अनेक कार्डं हा सगळा पसारा आपोआप मागे आला असता.

हा पसारा का येतो ते समजून घ्या, कारण पुढे कधी ८ च्या ३२ डिश करायच्या ठरल्या तर तो तुमच्याही वाट्याला येईल. प्रत्येक डिशकडे सगळ्या फ्रीक्वेन्सींचा डेटा असतो. गुणाकार करणाऱ्याला मात्र एकाच फ्रीक्वेन्सीचा, पण सगळ्या डिशचा डेटा हवा असतो. दहावीच्या उत्तरपत्रिकांसारखं आहे. केंद्रांवरून गठ्ठे येतात ते सगळ्या विषयांचे, आणि गणिताच्या परीक्षकाला हव्या असतात सगळ्या केंद्रांच्या फक्त गणिताच्या. मधली ही फेरवाटणी म्हणजे कॉर्नर टर्न. पूर्वी त्यासाठी खास बॅकप्लेन, म्हणजे बोर्ड एकमेकांना जोडणारे फलक, बांधत. बर्कलीतून सुरू झालेल्या कॅस्पर या सहयोगाने रुळवलेली कल्पना अशी की ही छाननी बाजारात मिळणाऱ्या इथरनेट स्विचलाच करू द्या. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅटमध्ये ६४ डिशचा कोरिलेटर याच तत्त्वावर, स्काराब नावाच्या एफपीजीए बोर्डांवर उभा राहिला. तुमच्याकडे १६ही सिग्नल एकाच बोर्डावर बसले तर फेरवाटणी बोर्डाच्या आतच होते आणि एक मोठी डोकेदुखी टळते.

एकच बोर्ड असावा याचं दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण वेळ. ढोल-ताशा पथकात मागच्या रांगेतल्या ढोलांपर्यंत ताशाचा आवाज थोडा उशिरा पोचतो. तो उशीर रोज तेवढाच असेल तर सरावाने सांभाळता येतो. पण आज एवढा, उद्या वेगळा असेल तर पथक फुटतं. क्लॉकचं, म्हणजे नमुने घेण्याचे ठोके देणाऱ्या घड्याळाचं, अगदी असंच असतं. ठराविक उशीर एकदा मोजून वजा करता येतो, बदलता उशीर नाही. १४२० मेगाहर्ट्‌झवर थेट नमुने घेत असाल तर क्लॉक १ पिकोसेकंद सरकला की फेज (लहरीची आवर्तनातली जागा) अर्ध्या अंशाने सरकते. केबल उन्हात तापली तरी हे होतं, म्हणून सगळ्या केबल एकाच जातीच्या घ्या आणि जमिनीत गाडा.

यातला एक प्रसंग आठवतो. एका ठिकाणी चार बोर्ड होते, सगळ्यांना एकच १० मेगाहर्ट्‌झचा संदर्भ-क्लॉक आणि एकच सेकंदाचा पल्स. दिवसभर सगळं उत्तम चाले. पण वीज जाऊन आली की कधीकधी एका बोर्डाच्या सगळ्या जोड्यांवर फेज बँडभर तिरकी दिसायची. पुन्हा चालू केलं की कधी सरळ, कधी तिरकी. तीन आठवडे आम्ही सॉफ्टवेअर चाळलं. शेवटी ऑसिलोस्कोप लावल्यावर कळलं की त्या एका बोर्डावर सेकंदाचा पल्स क्लॉकच्या अगदी काठावर येतो. त्यामुळे तो कधी या ठोक्यात मोजला जाई, कधी पुढच्या. पल्सची केबल थोडी लांब केली आणि प्रश्न मिटला. फेजचा तिरकेपणा म्हणजे उशीर, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात कोरलं गेलंय. बँडभर फेज सरळ पण वर-खाली सरकलेली असेल तर संशय ॲनालॉग भागावर घ्या. तिरकी असेल तर आधी नमुने मोजा.

पृथ्वी फिरते म्हणून दोन डिशमधला उशीर सतत बदलतो आणि तो भरून काढावा लागतो. जीएमआरटीच्या २५ किलोमीटरच्या जोडीवर १४०० मेगाहर्ट्‌झला फ्रिंज, म्हणजे जोडीच्या गुणाकाराची फेज, सेकंदाला ८ वेळा फिरू शकते. तिथे हे त्याच क्षणी यंत्रातच सुधारावं लागतं. तुमच्या २०० मीटरवर एक फेरा पूर्ण व्हायला किमान १४ सेकंद लागतात. १ सेकंदाची सरासरी घेतलीत तर न सुधारताही नुकसान १ टक्क्याच्या आत. उशिराचंही तसंच: जास्तीत जास्त ६६७ नॅनोसेकंद. २५ मेगाहर्ट्‌झचे ४०९६ चॅनल (फ्रीक्वेन्सीचे तुकडे) केलेत तर एका एफएफटीची (फ्रीक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणिताची) खिडकी १६४ मायक्रोसेकंदांची होते. त्यापुढे हा उशीर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून डिले-ट्रॅकिंग आणि फ्रिंज थांबवणं हार्डवेअरमध्ये घालूच नका. डिस्कवर डेटा उतरल्यावर पायथनमध्ये करा. चुकलं तर पुन्हा करता येतं, आणि विद्यार्थ्यांना ते डोळ्यांसमोर घडताना दिसतं. हार्डवेअरमध्ये चुकलं तर त्या रात्रीचं आकाश गेलं. अट एकच: केबलच्या लांबीतला फरक मोठा ठेवू नका. आणि हो, ४०९६ चॅनल मी हायड्रोजनसाठी म्हणतोय. १ किलोमीटर प्रति सेकंद वेग म्हणजे ४.७४ किलोहर्ट्‌झ, आणि तुमचा चॅनल ६ किलोहर्ट्‌झचा होईल. रेषेचा आकार नीट दिसायला ते पुरे आहे.

बिटांबद्दल तुम्ही लिहिलंय की १४ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) हवा, कारण सिग्नल फार क्षीण आहे. ही समजूत जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाची असते आणि ती उलटी आहे. तुमच्या एडीसीत येतो तो जवळपास निव्वळ नॉइज. नॉइज मोजायला फार बिट लागत नाहीत: १ बिटाला ६४ टक्के, २ बिटांना ८८ टक्के आणि ४ बिटांना जवळजवळ ९९ टक्के कार्यक्षमता मिळते. जादा बिट लागतात ते माणसाने केलेल्या गोंगाटासाठी, म्हणजे आरएफआयसाठी. शेजारी कुणी ओरडलं तरी कुजबुज कापली जाऊ नये म्हणून वर जागा ठेवायची. ८ बिटांत नॉइजची पातळी १६ काउंटच्या आसपास ठेवलीत तर वर १८ डेसिबल मोकळे राहतात. तुमच्या आजूबाजूला मोबाइलचे मनोरे किती आणि फिल्टर किती चांगला, यावर ते पुरेल की नाही हे ठरेल. इथून मला ते सांगता येणार नाही. एक दिवस स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि अँटेना घेऊन माळावर बसा, मग कळेल. एफएफटीनंतर मात्र ४ अधिक ४ बिट (वास्तव भागाला ४, काल्पनिक भागाला ४) पुरतात. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीत २०४८ सिग्नल आहेत आणि एफपीजीएकडून जीपीयूकडे ते ४ अधिक ४ बिटांतच जातात. फक्त बिट कापण्याआधी प्रत्येक चॅनलला योग्य गुणक लावून बँड सपाट करायला विसरू नका, नाहीतर कडेचे चॅनल शून्यात जातील.

एफएफटीच्या आतल्या बिटांकडे कुणी बघत नाही, आणि खरी इजा तिथे होते. प्रत्येक टप्प्यावर नॉइज १.४ पट वाढतो, पण एकाच फ्रीक्वेन्सीचा टोन दुप्पट होतो. ४०९६ च्या एफएफटीत १२ टप्पे आहेत. नॉइजच्या हिशेबाने एकाआड एक टप्प्यावर भागाकार ठेवलात तर एखादा जोरदार टोन शेवटच्या टप्प्यांत भांडं भरून सांडतो, आणि सांडलेलं सगळ्या चॅनलभर पसरतं. अशा एका प्रकरणात रोज संध्याकाळी सगळ्या बँडचा नॉइज वर जायचा. आम्ही रिसीव्हर बदलले, केबल बदलल्या. कारण निघालं एकच अरुंद टोन आणि ओव्हरफ्लो. ओव्हरफ्लो मोजणारा काउंटर त्या डिझाइनमध्ये होता, पण तो वाचायची सोयच केलेली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक टप्प्याचा काउंटर बाहेर काढतो आणि डेटाबरोबरच नोंदवतो. आणि साधा एफएफटी करण्याऐवजी पॉलीफेज फिल्टर बँक वापरा. साध्या एफएफटीत शेजारच्या चॅनलांत गळणारा सिग्नल फक्त १३ डेसिबलने खाली असतो. ४ टॅपची फिल्टर बँक थोडी मेमरी घेते, पण आरएफआयला त्याच्या जागी डांबून ठेवते.

आतापर्यंतचं एकत्र करतो, कारण आता बोर्डावर यायचंय. गरज आहे ती १६ सिग्नल एका क्लॉकवर घेणाऱ्या एडीसीची, २५ मेगाहर्ट्‌झची, एका १० गिगाबिट तारेची आणि ग्राफिक्स कार्डवाल्या एका संगणकाची. एफपीजीएकडे नमुने घेणं, वेळेचा शिक्का मारणं, फिल्टर बँक आणि पॅकेट पाठवणं. जीपीयूकडे गुणाकार आणि बेरीज. म्हणजे विभागप्रमुख आणि मित्र दोघांचंही अर्धं बरोबर आहे. यूजीएमआरटीत तर फिल्टरिंगही जीपीयूवर जातं, एफपीजीए मुख्यतः नमुने घेऊन पॅकेटं पाठवतो.

या गरजेला एएमडी-झायलिंक्सचा झेडसीयू२१६ हा आरएफएसओसी बोर्ड (एडीसी आणि एफपीजीए एकाच चिपमध्ये असलेला) नेमका बसतो: १६ एडीसी, १४ बिट, सेकंदाला अडीच अब्ज नमुन्यांपर्यंत. १४२० मेगाहर्ट्‌झ दुसऱ्या नायक्विस्ट पट्ट्यात (नमुन्यांच्या दराच्या अर्ध्यापासून पूर्ण दरापर्यंत) थेट घेता येतो आणि मिक्सर वाचतो. चिपमध्येच डिजिटल डाउन-कन्व्हर्टर आहे, तो एफपीजीएतल्या आणखी एका फिल्टरच्या मदतीने तुम्हाला २५ मेगाहर्ट्‌झ कापून देईल. फक्त त्या दुसऱ्या पट्ट्यात १२५० च्या अलीकडचं सगळं आरशासारखं उलटून येतं, म्हणून वर म्हटलेला ॲनालॉग फिल्टर इथे सक्तीचा होतो. हा बोर्ड महाग आहे. पैसे नसतील तर ४ एडीसीचा आरएफएसओसी ४x२ घ्या आणि पहिल्या वर्षी २ डिशच चालवा. एका बोर्डावर दोन डिश नीट चालवणं हे चार बोर्डांवर आठ डिश अर्धवट चालवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. प्रत्येक डिशला स्वतंत्र क्लॉकचा स्वस्त एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) लावायचा विचार मात्र सोडा. प्रत्येक वेळी चालू केल्यावर फेज नव्याने ठरेल आणि तुम्ही आकाशाऐवजी त्यालाच मोजत बसाल.

एफपीजीएत कमीत कमी काम ठेवा, असं मी म्हणतो त्यामागे माणसांचाही विचार आहे. एक डिझाइन संश्लेषित व्हायला तास लागतात, टायमिंग जुळलं नाही तर पुन्हा तेच. तुमच्याकडे काम करणारी मुलं चौथ्या वर्षानंतर निघून जाणार. जीपीयूचा कोड पुढची मुलं वाचू शकतात, टायमिंगने अडलेलं एफपीजीए डिझाइन नाही. तुमच्याकडे एफपीजीएत मुरलेली, टिकून राहणारी एखादी व्यक्ती असेल तर हा सल्ला बदलेल.

पॅकेटबद्दल थोडं. आज एकच संगणक घेणार असला तरी पहिल्या दिवसापासून प्रत्येक पॅकेटला अँटेनाचा क्रमांक, चॅनलचा क्रमांक आणि नमुन्यांचा काउंटर लावा. काउंटर ६४ बिटांचा ठेवा. ३२ बिटांचा काउंटर सेकंदाला ५ कोटी नमुन्यांना ८६ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो आणि मग कुठलं पॅकेट कधीचं ते कळत नाही. वरचा ६.४ गिगाबिटचा हिशेब धरला आणि पॅकेट ८ किलोबाइटचं ठेवलं तर सेकंदाला सुमारे १ लाख पॅकेटं येतील, १५०० बाइटचं ठेवलं तर ५ लाखांवर. दुसऱ्या प्रकारात साधा संगणक गुदमरतो. हरवलेल्या पॅकेटच्या जागी शून्यं भरा आणि किती हरवली ते सरासरीबरोबर लिहून ठेवा.

तुमची स्वतःची यंत्रणाही रेडिओ गोंगाट करते, हे विसरू नका. १० मेगाहर्ट्‌झच्या संदर्भाचा १४२ वा हार्मोनिक बरोबर १४२० वर पडतो. हायड्रोजनची रेषा १४२०.४०६ वर आहे, म्हणजे तुमचाच क्लॉक ८६ किलोमीटर प्रति सेकंदाने दूर जाणाऱ्या हायड्रोजनसारखा दिसेल. आकाशगंगेत असे वेग खरोखर असतात, त्यामुळे फसणं सोपं आहे. सगळे बोर्ड, संगणक, स्विच आणि एसएमपीएस बंद धातूच्या कपाटात ठेवा आणि डिशपासून शक्य तितके लांब. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून खरी रेषा वर्षभरात सरकते, क्लॉकची रेषा जागेवरून हलत नाही. तपासायचा हा सोपा मार्ग आहे.

बोर्ड हातात आल्यावर डिश जोडायची घाई करू नका. एक नॉइज सोर्स आणि १६ वाटांचा स्प्लिटर घ्या आणि सगळ्या इनपुटना तोच सिग्नल द्या. १३६ पैकी प्रत्येक गुणाकारात कोरिलेशन जवळजवळ पूर्ण आणि फेज बँडभर सपाट आली पाहिजे. मग वीज बंद-चालू करा, वीस वेळा, आणि दर वेळी फेज नोंदवा. मग एका इनपुटला माहीत असलेल्या लांबीची जादा केबल लावा आणि तिरकेपणा तेवढाच येतो का पाहा. त्यानंतर प्रत्येक इनपुटला वेगळा नॉइज द्या आणि रात्रभर सरासरी घ्या. कोरिलेशन वेळेच्या वर्गमुळाने खाली उतरत राहायला हवं. कुठेतरी अडकलं तर बोर्डावरच दोन चॅनल एकमेकांत गळताहेत. हे सगळं जमलं की १०-१५ मीटरवरच्या दोन डिश सूर्याकडे वळवा. त्यांचे आलेख आणि केबलच्या लांब्या इथे टाकलेत तर पुढचं बोलू.